पतंगांसाठी पांढरा पडदा लावावा की प्रकाशसापळा?

फुलपाखरांच्या आजवर नोंदल्या गेलेल्या जाती १८ हजारांच्या आसपास आहेत, पतंगांच्या १ लाख ६० हजारांच्या घरात. तरीही निसर्गनिरीक्षणाला लागलेला माणूस आधी फुलपाखरांकडेच वळतो, कारण बहुतेक पतंग रात्री उडतात आणि अंधारात त्यांच्यामागे फिरणं जमत नाही. त्यांना बोलवावं लागतं, आणि ते कसं बोलवायचं हेच आधी ठरवायचं असतं.

पडद्याला सामान फार लागत नाही. पांढरी सुती चादर दोरीवर ताणायची, समोर दिवा लावायचा आणि चादरीचं खालचं टोक जमिनीवर अंथरायचं. हे टोक विसरू नका. कीटक दिव्याकडे का येतात यावर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे करतो. एरवी रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे वरची बाजू त्याला बरोबर कळते. दिवा मध्ये आला की तो कलतो, घिरट्या घालतो, दिव्याच्या वर गेला तर उलटून खाली पडतो. म्हणून पडद्याभोवतालच्या गवतात पाऊल टाकण्याआधी टॉर्च मारून बघावं. बरेच पतंग पडद्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

पडद्याची खरी कमाई म्हणजे जिवंत, शांत बसलेला पतंग डोळ्यांसमोर असतो. पंख छपरासारखे उतरते धरलेत, सपाट पसरलेत की अंगाभोवती गुंडाळलेत, मिशा पिसांसारख्या आहेत की दोऱ्यासारख्या, एवढ्यावरून निदान कुळाचा अंदाज येऊ लागतो. शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. अडचण एकच, जागावं लागतं. काही जाती अंधार पडताच येतात, काही मध्यरात्रीनंतर. अकराला दिवा मालवून झोपलात तर त्या रात्रीची अर्धीच हजेरी हाती लागते.

सापळा तुमच्याऐवजी जागतो. वर दिवा, खाली नरसाळं, त्याखाली पेटी आणि पेटीत अंड्यांचे रिकामे ट्रे. पतंग आत घसरतात आणि ट्रेच्या खळग्यांत बसून राहतात. सापळ्याचे तीन नेहमीचे प्रकार आहेत. रॉबिन्सन प्रकारातून पतंग सहसा निसटत नाहीत, पण तो अवजड असतो. स्किनर म्हणजे दोन तिरक्या पारदर्शक पट्ट्यांची पेटी. ती घरी बनवता येते, पण तिच्यातून निसटणारेही जास्त. हीथ छोटा, बॅटरीवर चालणारा, वीज नसलेल्या जागी नेता येतो. तिन्हींत पहाटे उठणं मात्र आलंच, कारण ऊन चढलं की पेटी तापते आणि पतंग फडफडू लागतात. हॉकमॉथसारखे मोठे, दणकट पतंग रात्रभर आत धडपडले तर लहानांच्या पंखांवरचे खवले झडतात, मग ओळख अवघड होते.

दिव्याबाबत माझा कल स्पष्ट आहे. पाऱ्याच्या वाफेचा दिवा गर्दी खूप खेचतो, पण तो भयंकर तापतो, पावसाचा थेंब पडला तर फुटू शकतो, आणि त्यात पारा असतो. अतिनील एलईडी थोड्या बॅटरीत रात्रभर चालतो. नवख्याने तोच घ्यावा आणि त्याच्याकडे एकटक बघू नये.

आमिष आणि कामगंध सापळे हे पूरक मार्ग. जास्त पिकलेली फळं आणि साखर आंबवून संध्याकाळी झाडाच्या खोडाला फासली, की उजेडाला क्वचित येणारे काही पतंग तिथे भेटतात. ॲटलास पतंग मात्र तिथे कधीच येणार नाही. त्याच्या कुळातले प्रौढ काही खातच नाहीत. कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची कृत्रिम नक्कल असते, त्यामुळे त्या-त्या जातीचे नरच येतात. गांधीलमाशीसारखे दिसणारे, दिवसा उडणारे पारदर्शक पंखांचे पतंग शोधायचे असतील तरच तो घ्या.

आता निवड. तुम्हाला पतंग ओळखायला शिकायचं असेल, तर पडदा. एका जागचे पतंग वर्षानुवर्षं कसे बदलतात हे बघायचं असेल, तर सापळा. कारण तुलना तेव्हाच खरी ठरते, जेव्हा जागा, दिवा आणि वेळ तीच असते. पडद्यापुढे किती वेळ उभं राहिलो, किती लक्ष दिलं, हे दर रात्री बदलतं. मी म्हणेन, पहिला मोसम पडद्यावर काढा, मग सापळा घ्या. ओळख नसताना भरलेली पेटी उघडली की माणूस गोंधळून जातो.

नोंद वहीत ठेवावी की आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर? ॲपवर फोटोसोबत तारीख आणि ठिकाण आपोआप चढतं, जाणकारांची मदतही मिळते. पण दिवा लावला आणि काहीच आलं नाही, ही नोंद तिथे राहत नाही, आणि ती तितकीच मोलाची असते. म्हणून वही हवीच. तीत दिव्याचा प्रकार, तास, ढग, वारा, चंद्र लिहा. उबदार, ढगाळ, निवांत रात्री आणि चांदण्या रात्री यांची हजेरी सारखी नसते. रात्र दोन तारखांत विभागली जाते, तेव्हा नेहमी संध्याकाळचीच तारीख धरा. काही जाती जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत, तिथे जातीच्या वरच्या पायरीपाशी, म्हणजे प्रजातीपाशी (genus) थांबा. अंदाजाने लिहिलेलं नाव पुढच्या माणसाची दिशाभूल करतं.

सकाळी पतंग सोडताना ते उघड्यावर झटकू नका, दाट झुडपात ठेवा. आणि रोज तिथेच सोडत राहू नका, पक्षी ती जागा फार लवकर हेरतात.