टॅबलेट कोणता घ्यावा : वाचणाऱ्याच्या बाजूने

टॅबलेट घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी प्रोसेसरचे नाव पाहतात, मग कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजतात, आणि हे यंत्र हातात धरून आपण नेमके काय करणार, हा प्रश्न मात्र पैसे मोजून झाल्यावर उभा राहतो. माझे काम ठरलेले होते : स्कॅन केलेली पुस्तके वाचणे, समासात टिपणे करणे आणि अधूनमधून एखादे व्याख्यान पाहणे. त्या कसोटीवर मी सॅमसंगचे गॅलेक्सी टॅब ए९ प्लस व टॅब एस६ लाइट आणि ॲपलचा २०२५ सालचा साधा आयपॅड असे तीन टॅबलेट पाहिले.

पडद्याचे इंच कर्णावर मोजलेले असतात, त्यामुळे ते फसवे ठरू शकतात. ए९ प्लस आणि आयपॅड या दोघांचेही पडदे जवळपास ११ इंचांचे आहेत. परंतु उभे धरल्यावर पहिल्याची रुंदी सुमारे १४.८ सेंटिमीटर भरते, तर दुसऱ्याची १५.८. मुळात २१ सेंटिमीटर रुंद असलेले ए४ पान त्यात बसवायचे असेल, तर हा एक सेंटिमीटर तळटीपांपाशी जाणवतोच. शिवाय आयपॅडवर दर इंचाला २६४ पिक्सेल आहेत आणि ए९ प्लसवर सुमारे २०६, त्यामुळे बारीक टायपातला रफार, अनुस्वाराचा ठिपका किंवा दाटीवाटीचे जोडाक्षर आयपॅडवर अधिक स्वच्छ दिसते. चित्रपट पाहणाऱ्याच्या बाबतीत हाच हिशेब उलटतो, कारण आडवा धरल्यावर ए९ प्लसवर चित्र थोडे मोठे दिसते आणि वर-खाली काळ्या पट्ट्याही कमी राहतात.

लिहिण्याचा प्रश्न आला की किमतींची तुलना नव्याने करावी लागते. एस६ लाइटसोबत एस पेन खोक्यातच मिळतो आणि लिहिण्यासाठी तो चार्ज करावा लागत नाही. आयपॅडची पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते, आणि तिच्या यूएसबी-सी प्रकाराला दाब कळत नाही, म्हणजे जोर देऊन रेघ जाड करता येत नाही. टिपणांपुरते ते चालते, चित्रकाराला चालणार नाही. ए९ प्लसवर एस पेन चालतच नाही. रबरी टोकाचा साधा स्टायलस तिथे केवळ बोटाचे काम करतो आणि तळहात टेकला की भलतीकडेच रेघोट्या उमटतात. तेव्हा ज्याला लिहायचे आहे, त्याने पेनाची किंमत मिळवूनच बेरीज करावी.

मेमरीत काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ए९ प्लस ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण, तसेच ८ जीबी व १२८ जीबी अशा दोन रूपांत येतो. पीडीएफ आणि ब्राउझर यांच्यात सतत ये-जा करणाऱ्याला ४ जीबी अपुरे पडते, कारण मागे गेलेले पान पुन्हा पहिल्यापासून उघडत बसावे लागते. सॅमसंगच्या दोन्ही टॅबलेटांत मायक्रोएसडी कार्डाची सोय आहे. त्याने पुस्तकांना जागा मिळते, पण रॅम काही वाढत नाही. आयपॅडमध्ये कार्ड घालता येत नाही, म्हणून किती साठवण लागेल ते खरेदीच्या वेळीच ठरवावे लागते. मात्र त्याचा सर्वांत लहान प्रकारही आता १२८ जीबीचा आहे.

नावाइतकेच साल महत्त्वाचे. एस६ लाइट प्रथम २०२० मध्ये आला आणि २०२२ व २०२४ मध्ये त्याच नावाने, पण वेगळी चिप घालून, पुन्हा बाजारात आणला गेला. सुरक्षा अपडेटची मुदत साधारणपणे मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, आपण विकत घेतल्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे सवलतीत मिळणारा जुना संच पुष्कळदा आपले निम्मे आयुष्य दुकानाच्या फळीवरच घालवून आलेला असतो.

सिमकार्डाच्या प्रकारासाठी जास्त पैसे घालण्याची गरज मला वाटली नाही, कारण फोनचा हॉटस्पॉट पुरतो. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते, एवढे प्रवासात नकाशे वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. अपरिचित कंपनीचा स्वस्त टॅबलेट घेताना मात्र त्याला वाइडवाइनचे, म्हणजे चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या प्रणालीचे, एल१ हे सर्वांत वरच्या पातळीचे प्रमाणपत्र आहे का, हे जरूर पाहावे. ते नसल्यास पडदा कितीही चांगला असला, तरी बऱ्याच चित्रपट-सेवा त्यावर अंधूक चित्रच दाखवतात.

शेवटी मी २०२४ सालचा एस६ लाइट घेतला. तिघांत त्याची रुंदी सर्वांत कमी, अवघी १३.६ सेंटिमीटर, पण वाचनाच्या ॲपमध्ये स्कॅनचे कोरे समास कापून टाकले की अक्षर पुरेसे मोठे होते. जुन्या दैनिकाचे अख्खे पान मात्र त्यावर एका नजरेत वाचता येत नाही. ते तुकड्यातुकड्याने सरकवतच वाचावे लागते.