टाचेची वजरी: माती, पितळ की स्टीलची किसणी?

वजरी म्हणजे पाय घासायची, मटणवाल्याकडची नव्हे. बाजारात ती तीन तऱ्हेची मिळते. काम एकच, टाचेवरच्या मेलेल्या पेशी उतरवणं. अंगावर बहुतेक ठिकाणी या चपट्या, किरॅटिन या टणक प्रथिनाने भरलेल्या पेशींचे जेमतेम 15-20 थर असतात. टाचेला मात्र ते साचून मिलिमीटरभर जाड होतात. त्यात तळपायाला तैलग्रंथी नाहीत. थर सुकला की ताठरतो आणि अंगाचा भार पडताच कडेने तडकतो.

मातीची वजरी स्वस्त आणि नवशिक्याला बरी. पण वापरून गुळगुळीत होते, आणि ओली ठेवली की बुरशी धरते. पितळी सर्वांत उत्तम: तळाला उभ्या-आडव्या खाचा, आणि वजन तिचंच, त्यामुळे दाबावं लागत नाही. (पुण्याच्या केळकर संग्रहालयातल्या जुन्या नक्षीदार वज्र्या बघा, मग आजची दुकानातली ओबडधोबड वाटेल. तरी चालते छान.) खाचांतला मळ जुन्या टूथब्रशने काढायचा.

स्टीलची किसणी घेऊच नका. चार फटक्यांत टाच लोण्यासारखी होते खरी, पण किसणी पापुद्रेच्या पापुद्रे सोलते आणि खालच्या जिवंत थराला धक्का लागतो. मग त्वचा बचावासाठी पेशी भराभर बनवते आणि घट्टा पूर्वीपेक्षा जाड होतो.

पाय कोमट पाण्यात 10 मिनिटंच बुडवा. जास्त वेळ ठेवले तर सगळी कातडी पांढरी फुगते आणि कुठे थांबायचं ते कळत नाही. एकेक टाच मिनिटभर, आठवड्यातून एकदा-दोनदा. भेगेच्या कडा घासा, भेगेत वजरी घालू नका. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल तर वजरी नकोच. जखम झालेली समजतही नाही.

पाय टिपून लगेच युरिया क्रीम लावा, नाहीतर घासणं अर्धंच. 10 टक्क्यांपर्यंतचं युरिया ओलावा धरतं; जाड टाचेला 20-25 टक्के हवं, ते किरॅटिन सैल करतं. उघड्या भेगेत मात्र ते झोंबतं. तिथे कोकमतेलाचा गोळा चमच्यात वितळवून, कोमट झाल्यावर भरा आणि रात्रभर सुती मोजे घाला. क्रीमच्या जुन्या ट्यूबला अमोनियाचा उग्र वास येत असेल तर आतलं युरिया विघटन पावलंय, टाकून द्या.