सफरचंद-ब्लॅकबेरीचे स्कोन आणि तयार पिठाचे पाकीट

सप्टेंबर उजाडला की इंग्लंडमध्ये कुंपणाकडेच्या झुडपांवर ब्लॅकबेरी पिकलेल्या असतात आणि आंबट ब्रॅम्ली सफरचंदेही हाताशी येतात. त्या निमित्ताने स्कोनच्या, म्हणजे चहासोबत खायच्या छोट्या फुगीर ब्रिटिश पावांच्या, तयार पिठाचे एक पाकीट आणून पाहिले. बेकिंग पावडर आणि साखर आधीच मिसळलेली असल्याने २२५ ग्रॅम पिठात ५० ग्रॅम थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चोळून ते रवाळ करणे आणि दुधात सैलसर गोळा भिजवणे एवढेच काम उरते. पाकिटावरच्या कृतीत मात्र ताज्या फळांना सुटणाऱ्या पाण्याचा विचारच नाही. सांगितलेले सगळे दूध घातल्यावर माझा पहिला घाणा ताटलीसारखा पसरला, आणि जांभळा रस ट्रेवर करपून बसला तो वेगळाच. दुसऱ्या वेळी दूध निम्म्यावर आणले, सफरचंदाच्या बारीक फोडी फडक्याने टिपून घेतल्या, गोळा अडीच सेंटिमीटर जाड थापला आणि स्कोन कापायचा गोल साचा न फिरवता सरळ खाली दाबला, कारण फिरवल्याने कडा मिटतात व स्कोन एका बाजूला कलतो. ओव्हनमध्ये २२० अंश सेल्सिअसवर तेरा मिनिटांत ते छान फुगले. गोडी मात्र अंमळ जास्तच वाटली. बेदाण्यांच्या स्कोनसाठी हे पाकीट पुन्हा घेईन. ओल्या फळांसाठी साधे सेल्फ-रेझिंग पीठच (बेकिंग पावडर मिसळलेले, पण बिनसाखरेचे) बरे.