केमड्रॉमध्ये रिंग काढताना : आठ महिने वापरल्यानंतर

केमड्रॉ या रासायनिक रचना काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रिंग (अणूंचं कडं) काढायला दोन मिनिटं पुरतात, ती बरोबर जुळली की नाही हे ओळखायला मात्र बराच काळ जातो. डिझर्टेशनसाठी, पेपरसाठी आठ महिने रोज वापरून बनलेलं हे मत आहे. एक सवय आधी लावा : निवडलेल्या रचनेचं सूत्र आणि रेणुवजन दाखवणारी ॲनालिसिस विंडो सतत उघडी ठेवा. चित्र फसवतं, सूत्र सहसा फसवत नाही.

एक बाँड वाटून घेणाऱ्या दोन बेंझिन रिंगांचं, म्हणजे नॅफ्थलीनचंच बघा. बेंझिनचं टूल घ्यायचं, आधीच्या रिंगच्या बाँडवर कर्सर न्यायचा, बाँड हायलाइट झाला की मगच क्लिक. विंडोत सूत्र सी10एच8, वजन 128.17 दिसतं. घाईत दुसरी रिंग शेजारी चिकटवून सरकवली तर पडद्यावर हुबेहूब नॅफ्थलीन दिसतं, पण दोन्ही सिलेक्ट केल्यावर विंडो सी12एच12, 156.23 सांगते. म्हणजे दोन सुटी बेंझिनं एकमेकांवर बसली आहेत. सिलेक्शन टूलने एका रिंगवर डबल क्लिक करून ओढा. एकटीच हलली तर खात्रीच. मग दोन्हीकडचे जुळायचे बाँड निवडून कंट्रोल-जे दाबलं की जोडणी होते. बाँडऐवजी कोपऱ्यातल्या कार्बनवर क्लिक झालं तर रिंग त्या एकाच अणूवर लटकते. स्पायरो (दोन रिंगांत एकच अणू सामायिक) हवं असेल तेव्हा हेच कामाचं, एरवी डोकेदुखी.

इंडोल, म्हणजे बेंझिनला नायट्रोजनवाली पाचाची रिंग जोडलेलं संयुग, ही खरी परीक्षा. बेंझिनच्या बाँडवर सायक्लोपेंटेन बसवा : सी9एच10. पाचाच्या रिंगमधल्या, बेंझिनला लागून असलेल्या कार्बनवर कर्सर ठेवून एन दाबा. एनएच आपोआप येतो, सूत्र सी8एच9एन, 119.17. हे इंडोलिन झालं. आता उरलेल्या दोन कार्बनमधला बाँड दुहेरी केला की सी8एच7एन, 117.15. पण दुहेरी बाँड चुकून नायट्रोजन आणि शेजारच्या कार्बनमध्ये पडला तर 3एच-इंडोल तयार होतं, आणि त्याचंही सूत्र तेच, वजनही तेच. इथे विंडो गप्प बसते, लाल चौकटही येत नाही, कारण संयुजा बरोबरच असते. नायट्रोजनवरचा एच दिसतोय का, हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

कंट्रोल दाबून बेंझिन काढलं की आत वर्तुळ येतं. एकट्या रिंगला चालून जातं. नॅफ्थलीनमध्ये दोन वर्तुळं म्हणजे सहा-सहा इलेक्ट्रॉन, एकूण 12. प्रत्यक्षात पाय (π) इलेक्ट्रॉन, म्हणजे दुहेरी बाँडांतले, आहेत 10. आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2008च्या शिफारशींचा कलही केकुले पद्धतीकडेच, म्हणजे एकाआड एक दुहेरी बाँड काढण्याकडेच आहे. तेच काढा.

नागपुरात संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन कोणाच्या ना कोणाच्या प्रकल्पात असतंच. त्यातला एकमेव कायरल कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेला) म्हणजे आयसोप्रोपेनिल गट लागलेला. वेज (वाचणाऱ्याकडे आलेला बाँड दाखवणारी भरीव पाचर) त्या गटाकडे जाणाऱ्या बाँडवर द्या, निमुळतं टोक रिंगच्या कार्बनवर. रिंगच्याच बाँडवर वेज दिला की वाचणारा बुचकळ्यात पडतो. मग शो स्टीरिओकेमिस्ट्री चालू करा, म्हणजे कार्बनची अवकाशातली मांडणी आर की एस ते दिसतं. संत्र्यातल्या लिमोनीनला आर यायला हवं. एस आलं तर वेजच्या जागी हॅश (मागे गेलेला बाँड दाखवणारी तुटक पाचर) द्या.

कापरासारखी ब्रिज असलेली रचना हाताने काढण्याच्या फंदात पडू नका, टेम्पलेटमधल्या बायसायक्लिक्समधून उचला. त्यावर क्लीनअप (कंट्रोल-शिफ्ट-के) दाबला की पुलाचे बाँड वेडेवाकडे होऊ शकतात. दाबलाच तर लगेच अनडू. कोन 15 अंशांच्या टप्प्यांत अडकत असेल तर आल्ट दाबून ओढा, बाँड मोकळा होतो.

मापाचं काम सुरुवातीलाच उरका. फाइल मेनूतून एसीएस डॉक्युमेंट 1996 (अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकांची मापं) लावा : बाँड 14.4 पॉइंट म्हणजे 0.508 सेंमी, रेषा 0.6 पॉइंट, अक्षर एरियल 10. बेंझिन टोकापासून टोकापर्यंत 1.02 सेंमीच्या आसपास भरतं. वर्डमध्ये चित्राचा कोपरा धरून ओढलं की हे सगळं बिघडतं आणि एकाच पानावर लहानमोठ्या रिंग दिसतात. नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डी) झेरॉक्स-बाइंडिंगला देण्याआधी प्रिंटवर पट्टी लावून बघा.

केमड्रॉचा परवाना नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं केचर हे रचना काढायचं सॉफ्टवेअर आहे, मुक्त-स्रोत. साध्या रिंगांना पुरतं.