शुमनच्या पेपरचं पुस्तक मिळालं, पण पानं मोजून घ्या

अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शनिवारी गेलो होतो, खरं तर मुलाची गाईड घ्यायला, आणि हातात आलं ते जर्मनीतल्या 'नॉए त्साइटश्रिफ्ट फ्युअर म्युझिक' या संगीतावरच्या पेपरच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक. ४०० सांगितले, ३०० ला दिलं. काका बोलायला एकदम तुसडे, पण भाव पाडून देतात.

पुस्तक मात्र भारी आहे राव. १८३४ मध्ये लाइपझिगला संगीतकार रॉबर्ट शुमन आणि मित्रांनी हा पेपर काढला, तेव्हा पठ्ठ्या फक्त २३ वर्षांचा, आणि पेपर सुरुवातीला आठवड्यातून दोनदा निघायचा. परीक्षण लिहिताना शुमन फ्लोरेस्टान आणि युसेबियस अशी दोन पात्रं करून एकमेकांशी वाद घालायचा, एक तापट, एक स्वप्नाळू, म्हणजे आपल्या सवाईत मागे बसून कुजबुजणाऱ्या दोन काकांसारखंच की! १८४५ पासून संपादक ब्रेंडेल, त्याच्या काळात १८५० ला संगीतकार वाग्नरने खोट्या नावाने ज्यूंविरुद्ध गरळ ओकलेला लेख छापला, ते वाचून तोंड कडू झालं. आणि १८५३ ला शुमनने परत लेखणी उचलून २० वर्षांच्या संगीतकार ब्राम्सचं कौतुक केलं, नेमकी तीच आठ पानं गायब!! फोन केला तर म्हणे जुना माल परत घेत नाही.

दुकानाला तीन स्टार, दुपारी १ ते ४ बंद.