रेड सी कोरल प्रो मीठ: छोट्या रीफ टाकीला (समुद्री प्रवाळांच्या काचटाकीला) चालेल का?

पटकन विरघळतं आणि मागे गाळ जवळजवळ उरत नाही, ही या मिठाची मोठी जमेची बाजू. लिटरला साधारण 38 ग्रॅम घातलं की सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, 35 पीपीटी (हजारात 35 भाग) येते. 60 लिटरच्या टाकीत दगड-वाळू वजा जाता पाणी जेमतेम 50 लिटर मावतं, म्हणून आठवड्याला 5 लिटर बदलायला 190 ग्रॅम पुरे.

बादलीत आधी शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) आरओ-डीआय फिल्टरचं शुद्ध पाणी घ्या, पंप लावा, मग मीठ थोडं थोडं सोडा. मिठावर पाणी ओतलंत तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो, पाणी दुधाळ होतं आणि तो साका पुन्हा विरघळत नाही. तयार पाणी चार तासांत वापरा. रात्रभर ढवळत ठेवायचं हे मीठ नव्हे.

खटकते ती अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण), 12 डीकेएचच्या आसपास; डीकेएच हे तिचं एकक. झोआंथिड या मऊ प्रवाळांना चालते, पण पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट (पोषक द्रव्यं) शून्याजवळ असेल तर ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण प्रवाळाची टोकं जळून पांढरी पडतात. अशा टाकीला याच कंपनीच्या साध्या मिठाची निळी बादली घ्या, ती 8 डीकेएचच्या जवळ राहते. आणि पावसाळ्यात झाकण घट्ट लावा. ओल लागून खडे झाले की वजनाचा हिशेब चुकलाच.