किडनी ट्रान्सप्लांटनंतर लिब्रे सेन्सर: दुपारची शुगर पकडायला घ्यावा का?

अ‍ॅबटचा फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर (दंडावर चिकटवून दिवसरात्र शुगर मोजणारा, फोन टेकवून वाचायचा) ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटने घ्यावा का, याचं आमचं उत्तर असं: पहिल्या तीन महिन्यांत दोन सेन्सर जरूर लावा, पुढे साधा ग्लुकोमीटर पुरतो. पाचपैकी चार तारे.

तो लावायचं खरं कारण दुपार आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सकाळी घेतलं जातं आणि शुगर त्यामुळे दुपारी-संध्याकाळी चढते, पहाटेपर्यंत उतरते. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिलं की ९५ येते, घरचे निर्धास्त होतात, आणि दुपारी साडेतीनला तीच शुगर २४० वर असू शकते. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये (रिजेक्शन) म्हणून दिलेलं औषध, तर स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाच दाबतं. त्यात नवी किडनी कामाला लागली की शरीरातलं इन्सुलिनही लवकर संपवते, त्यामुळे डायलिसिसवर असताना थोड्या युनिटवर भागणाऱ्यांचा डोस अचानक वाढतो. एचबीए१सीवर (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) या काळात भिस्त ठेवू नका. रक्त चढवलेलं असतं, रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं झालेली असतात, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो.

आधी मधुमेह नसलेल्यांनाही हा त्रास होतो आणि तो अंगावर काढला तर जंतुसंसर्ग, हृदयविकार आणि नव्या किडनीवरचा ताण, तिन्ही वाढतात.

सेन्सरचा आलेख इथे फार उपयोगी पडतो. समजा सकाळी सातला ९८, आठला गोळ्या, एकला दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर भात. तीनपासून रेघ वर जाते, सातपर्यंत २०० च्या खाली येत नाही, मध्यरात्री १३०, पहाटे पुन्हा ९०. हा डोंगर बघितल्यावर डॉक्टर बहुधा सकाळच्या एनपीएच (मध्यम पल्ल्याच्या) इन्सुलिनचा विचार करतात, कारण त्याचा जोर प्रेडनिसोलोनच्या वेळेशी जुळतो. फक्त दुपारचा आकडा बघून रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन वाढवत नेलं, तर पहाटे चारला शुगर ६० वर येऊ शकते. बोटाच्या टोचणीने ही पहाट सहसा हाती लागत नाही.

लावायची रीत सोपी आहे. दंडाची मागची बाजू साध्या साबणाने धुवा, स्पिरिटच्या पट्टीने पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या. घाईत ओल्या कातडीवर लावलेला सेन्सर चौथ्या-पाचव्या दिवशी सुटतो. फिस्टुलाचा (डायलिसिससाठी शीर जोडलेला) हात टाळा. दुसऱ्या हातावर बीपी बघतात, म्हणून पट्टा जिथे गुंडाळला जातो त्या जागेवर सेन्सर येऊ देऊ नका. स्टेरॉइडने कातडी पातळ झालेली असते, काढताना हिसका दिला तर सोलवटते. कडेला तेल लावून हळूहळू उचला. लावल्यावर ६० मिनिटांनी आकडे सुरू होतात, सेन्सर १४ दिवस चालतो. जुना लिब्रे फक्त शेवटच्या ८ तासांचे आकडे साठवतो, म्हणून झोपताना आणि उठल्याबरोबर फोन टेकवाच, नाहीतर नेमकी पहाट आलेखातून गळते.

एक तारा कापला तो याच कारणाने: जुन्या लिब्रेला गजर नाही. झोपेत शुगर घसरली तर तो उठवत नाही. लिब्रे २ ला गजर आहे, खोक्यावर कोणता आहे ते बघूनच पैसे द्या.

आकडा कधी फसवतो तेही माहीत हवं. सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींच्या आजूबाजूच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर भराभर बदलत असताना तो पाच-दहा मिनिटं मागे असतो. त्या कुशीवर झोपलात तर दंड दाबला जाऊन खोटी घसरण दिसते. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या विरघळणाऱ्या गोळ्यांनी आकडा खोटा वाढतो. अंगावर सूज असलेल्या पहिल्या काही दिवसांत आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवू नका, म्हणून पहिला सेन्सर सूज उतरून घरी आल्यावरच लावा. घाम, थरथर होतेय आणि आकडा १२० दाखवतोय, अशा वेळी बोट टोचून बघा. एमआरआय किंवा सीटी ठरलेला असेल तर तो उरकल्यावर नवा सेन्सर लावा, कारण तपासणीआधी तो काढावा लागू शकतो.

आधी पोटाच्या डायलिसिसवर आयकोडेक्स्ट्रिन या द्रावाची पिशवी वापरणाऱ्यांनी ग्लुकोमीटरचीही खात्री करावी. जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या पट्ट्या शरीरात उरलेल्या माल्टोजला साखर समजून खोटा मोठा आकडा दाखवतात, आणि तो खरा मानून इन्सुलिन दिलं तर जीवावर बेतू शकतं. शेवटच्या पिशवीनंतर साधारण दोन आठवडे हा धोका राहतो. माल्टोजचा परिणाम होत नाही असं पट्ट्यांच्या डबीतल्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असेल, तरच घ्या.

पहिला सेन्सर उतरला की दुसरा प्रेडनिसोलोन रोजच्या कायमच्या डोसवर आल्यावर, म्हणजे साधारण तिसऱ्या महिन्यात. त्याच सुमाराला ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणीही करून घ्या, कारण ट्रान्सप्लांटनंतर मधुमेह झाला आहे की नाही, याचं सगळ्यात भरवशाचं उत्तर तीच देते. त्यानंतर महिन्याला दोन सेन्सरचा खर्च बहुतेकांना झेपत नाही, आणि गरजही नसते. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघितलं तरी चालतं. इन्सुलिन चालू असलेल्यांना मात्र रोज बघावंच लागेल.

आलेख वाईट दिसला म्हणून टॅक्रोलिमस किंवा स्टेरॉइड स्वतःहून कमी करू नका, रिजेक्शन होऊ शकतं. चौदाव्या दिवशी अ‍ॅपमधला रिपोर्ट छापून टॅक्रो लेव्हल (रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण) आणि क्रिएटिनिनच्या कागदांसोबत नेफ्रॉलॉजिस्टला द्या, आणि इन्सुलिन, गोळ्या, जेवण यांच्या वेळा त्यावर पेनाने लिहून ठेवा. वेळा नसलेल्या आलेखावरून कोणताही डॉक्टर डोस नीट बसवू शकत नाही.